रुईच्या प्रेसची दारे आणि त्यांचा अडसर

माळवा-निमाडात जुन्या पिढीतल्या अनेक मराठी घरांचा संबंध कधी ना कधी जीनशी आलेला असतो. कोणाचे आजोबा जीनमध्ये मुनीम होते, कोणाचे काका फिटर, कोणाच्या घरचा कापूस खरगोन किंवा सेंधव्याच्या जीनवर जायचा. घरात 'जीन' हा शब्द राहतो, पण आत नेमके काय चालायचे ते हळूहळू विसरले जाते. त्यातलाच एक भाग इथे नोंदवून ठेवत आहोत: रुईची गठाण बांधणाऱ्या प्रेसची दारे बंद कशी राहतात आणि उघडतात कशी.

आधी थोडे शब्दांविषयी. शेतातून येतो तो कापूस, म्हणजे सरकीसकट. जीनमध्ये सरकी वेगळी झाली की उरते ती रुई. शंभर किलो कापसातून साधारण तेहतीस ते पस्तीस किलो रुई निघते. आपल्याकडे गठाण १७० किलोची धरतात, म्हणजे एका गठाणीमागे जवळपास पाच क्विंटल कापूस लागतो. व्यापारी भाव मात्र अजूनही खंडीवर बोलतात. एक खंडी म्हणजे सुमारे ३५६ किलो, जुन्या हिशोबाने ७८४ पौंड.

मोकळी रुई वाऱ्यासारखी असते. तिने खोली भरते आणि वजन काहीच होत नाही. अशी रुई गाडीत किंवा आगगाडीच्या डब्यात भरणे म्हणजे हवेचे भाडे देणे. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी खंडवा-इंदूर रेल्वेसाठी इंग्रज सरकारला एक कोटी रुपयांचे कर्ज दिले, हे आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. त्या रेल्वेने जो माल मुंबईकडे जायचा, त्यात रुई होती, आणि ती परवडायची ती दाबून बांधल्यामुळेच.

पेटी, दट्ट्या आणि दारे

प्रेस म्हणजे मुळात एक उभी, मजबूत लोखंडी पेटी. तिच्यात रुई भरतात. पूर्वी माणसे आत उतरून पायाने तुडवत, आता यंत्राने ठोकतात. मग खालून किंवा वरून दट्ट्या येतो आणि रुईला समोरच्या जाड पाटाशी दाबतो. दाबलेली रुई गप्प बसत नाही. दट्ट्या उभा दाब देतो, पण रुई चारही बाजूंना फुगू पाहते. पेटीच्या भिंती तिला अडवतात.

आता भिंती पक्क्या असत्या, तर गठाण बाहेर काढायची कशी? भिंतीशी घासून ती अडकून बसते. शिवाय पट्ट्या किंवा तारा बांधायच्या त्या रुई दाबलेली असतानाच. दट्ट्या खाली आला की रुई पुन्हा फुगते. म्हणून दोन पाटांमध्ये गठाण धरून ठेवायची, बाजूच्या भिंती दारांसारख्या उघडायच्या, पाटांतल्या खाचांतून पट्ट्या ओवायच्या, कसायच्या आणि मगच दट्ट्या सोडायचा. सगळा खेळ त्या दारांवर आहे.

किती जोर असतो? समजा दार १०० सेंटिमीटर उंच आणि ६० सेंटिमीटर रुंद आहे आणि रुईचा बाजूचा दाब दर चौरस सेंटिमीटरला ३ किलो आहे. दारावर एकूण १८ हजार किलो, म्हणजे १८ टन. त्यातला निम्मा बिजागऱ्यांनी घेतला तरी कुलपाच्या बाजूला ९ टन उरतात. दोन मोठे हत्ती दाराला आतून टेकून उभे आहेत असे समजा.

वाड्याचा अडसर आणि प्रेसचा अडसर

वाड्याच्या दिंडी दरवाजाचा अडसर बाहेरून येणारा जोर अडवतो, आणि जोर संपल्यावर तो निवांत सरकवता येतो. प्रेसमध्ये जोर आतून असतो आणि तो चालू असतानाच अडसर काढायचा असतो. खरी अडचण इथे आहे. धरून ठेवणे सोपे, भाराखाली सोडणे अवघड.

सर्वांत साधी जुनी पद्धत म्हणजे दारावरून आडवी जाणारी जाड पट्टी, एका टोकाला खिळीवर फिरणारी आणि दुसऱ्या टोकाला आकड्यात अडकवून पाचरीने आवळलेली. पाचर घणाने ठोकून काढायची. पट्ट्या एकामागून एक सोडाव्या लागत. त्यामुळे शेवटच्या पट्टीवर सगळ्यांचा भार येई. ती सुटताना उडे. समोर उभा राहणारा माणूस नवखा असे किंवा बेफिकीर.

यावरचा उपाय म्हणजे दाराच्या कडेने उभा दांडा, आणि त्याच्यावर वरपासून खालपर्यंत बसवलेले आकडे. दांडा फिरवला की सगळे आकडे एकाच वेळी सुटतात. भार वाटला जातो, माणूस बाजूला उभा राहून हँडल ओढतो. आकड्याच्या तोंडाचा उतार मात्र नेमका हवा. बाहेरच्या अंगाला जास्त उतरता ठेवला तर तो भाराखाली आपोआप घसरतो. आत जास्त वळवला तर सुटतच नाही, दट्ट्या आणखी दाबून रुई क्षणभर आत ढकलावी लागते. चांगला फिटर हा उतार कानशीने राखतो.

तिसरा प्रकार गुडघ्याचा. गुडघा ताठ करून उभे राहिले की अंगाचा सगळा भार हाडांवर जातो, स्नायूंना फारसे कष्ट नसतात. पण कोणी मागून हलकेच टोचले तर पाय लचकतो. दोन दुवे खिळीने जोडून सरळ रेषेत आणायचे आणि किंचित पलीकडे नेऊन टेकवायचे, की दाराचा जोर त्यांना आणखी घट्ट बसवतो. सोडायचे असेल तेव्हा दुव्यांना त्या रेषेच्या अलीकडे आणण्यापुरता जोर लागतो. पुढचे काम रुईच करते.

आजच्या प्रेसमध्ये हे आकडे किंवा दुवे तेलाच्या दाबावर चालणारे सिलिंडर हलवतात. यात एक गोष्ट कधीही विसरू नये: तेलाने कुलूप हलवावे, भार मात्र लोखंडाने घ्यावा. दार निव्वळ तेलाच्या दाबावर धरून ठेवले आणि नळी फुटली, तर दार जाते. म्हणून दारे पूर्ण बसल्याचा खटका दाबला गेल्याशिवाय पंप पुढे जाणार नाही, अशी विजेची जोडणीही ठेवतात. काही नव्या यंत्रांत दारेच नाहीत. गठाण जागेवर राहते आणि पूर्ण पेटीच उचलली जाते.

गंमत अशी की पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या प्रेसचे पेटंट १७९५ मध्ये घेणारा जोसेफ ब्रामा हा मूळचा कुलपे बनवणारा. त्याचे १७८४ चे कुलूप लंडनच्या दुकानात बक्षीस लावून ठेवलेले होते. ते १८५१ मध्ये हॉब्ज नावाच्या अमेरिकनाने अनेक दिवस खटपट करून उघडले.

बिघडते कुठे

बहुतेक वेळा आकडा तुटत नाही, तो झिजतो. धारेची कड गोल होते, खिळीचे भोक लांबट होते. दार बंद दिसते, पण आकडा अर्धाच बसलेला असतो. दुसरे कारण अगदी क्षुल्लक: खाचेत अडकलेला रुईचा बोळा. दबलेली रुई लाकडासारखी कठीण होते आणि आकड्याला पूर्ण आत जाऊ देत नाही. म्हणून दर गठाणीनंतर खाच झाडून घेणे हे प्रेसमनचे पहिले काम. ग्रीस भरपूर लावावे असे वाटते, पण तेही चालत नाही. डाग पडलेल्या रुईचा भाव उतरतो. आणि कोरडे ठेवून लोखंडावर लोखंड आपटू दिले तर ठिणगी. जीनमध्ये ठिणगी म्हणजे काय, हे सांगायला नको.

प्रेस चालू असताना दारासमोर कोणी उभे राहायचे नाही आणि खटका बांधून ठेवायचा नाही. दुसरी गोष्ट सर्रास होते. खटका वारंवार काम अडवतो म्हणून कोणी तरी त्याला तारेने दाबून ठेवतो, पाळी संपेपर्यंत सगळे ठीक चालते, आणि दुसऱ्या पाळीच्या माणसाला त्याची कल्पना नसते. १९४८ च्या कारखाना कायद्याने रुई दाबण्याच्या कारखान्यात, जिथे कॉटन ओपनर चालू असेल त्या भागात, स्त्रिया आणि मुलांना कामाला लावण्यास कलम २७ नुसार बंदी केली होती. दाराच्या आकड्यांविषयी मात्र असे वेगळे कलम नव्हते. ते यंत्राला कुंपण घालण्याच्या सर्वसाधारण नियमांतच येत.

तुमच्या घरी जीनमधले जुने फोटो किंवा गठाणीवर छाप मारायचे पत्रे असतील, तर प्रेसच्या दाराच्या कडेला एकदा बघा. उभा दांडा दिसला तर तो आकड्यांचा प्रेस. आडव्या पट्ट्या आणि बाजूला टेकवलेला घण दिसला तर त्याहून जुना.