डन्सफोल्डची धावपट्टी : गेममध्ये तिला जागा का द्यावी?

गाड्यांच्या शर्यतीचा व्हिडिओ गेम काढणाऱ्यांपुढे दर वेळी एक प्रश्न असतोच. ट्रॅक कोणते घ्यायचे? जर्मनीतला नुर्बुर्गरिंग घेतला, जंगलातून जाणारा, वीस किलोमीटरहून लांब, तर कोणाची हरकत नसते. मोनॅको घेतला तर बोलायलाच नको. पण त्याच यादीत इंग्लंडातल्या सरे परगण्यातला डन्सफोल्डचा टेस्ट ट्रॅक दिसला की बऱ्याच खेळणाऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. सपाट विमानतळ, ना चढ ना उतार, ना प्रेक्षकांचे सज्जे. डांबरावर रंगवलेल्या रेषा आणि कडेला टायरांचे ढीग, बस्स. माझ्या भाच्याने तर एका वाक्यात निकाल लावला, "मामा, हा ट्रॅक नव्हे, पार्किंगची जागा आहे!"

आक्षेप अगदीच पोकळ नाही. गेममधला एक ट्रॅक उभा करायचा म्हणजे मोजमापे, छायाचित्रे आणि मग महिनोन् महिन्यांचे काम. तेवढ्या श्रमात शर्यतीचा एखादा नामांकित ट्रॅक झाला असता. शिवाय या ट्रॅकची आखणी इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी, म्हणजे तो स्वतःलाच छेदून जातो. तिथे आठ-दहा गाड्या एकदम सोडल्या तर चौकात टक्कर ठरलेलीच. शर्यतीसाठी हा ट्रॅक मुळात केलेलाच नाही.

मग केला कशासाठी? त्यासाठी थोडे मागे जायला हवे.

डन्सफोल्डचा विमानतळ १९४२ मध्ये, ऐन महायुद्धात, कॅनडाच्या लष्करी अभियंत्यांनी बांधला. युद्ध संपल्यावर तो हॉकर या विमान कंपनीकडे आला आणि नव्या विमानांची परीक्षा घेण्याची जागा झाला. जागच्या जागी सरळ वर उठणाऱ्या हॅरिअर विमानाचा पूर्वज, पी. ११२७, ऑक्टोबर १९६० मध्ये दोरखंडांनी बांधलेल्या अवस्थेत इथेच पहिल्यांदा जमिनीवरून उचलला गेला. हॉक विमानाचे पहिले उड्डाण १९७४ मध्ये इथूनच झाले, आणि ऑगस्ट १९७८ मध्ये सी हॅरिअरचेही.

हे नाव गोव्याच्या वाचकाला परके नाही. भारतीय नौदलाची सी हॅरिअर विमाने १९८३ पासून आपल्याकडे आली. दाबोळीचा आयएनएस हंसा हा त्यांचा तळ. वास्को-मुरगावच्या लोकांच्या कानात त्यांचा आवाज अजून असेल. मे २०१६ मध्ये दाबोळीलाच त्यांना निरोप देण्यात आला. त्या जातीच्या विमानाने पहिली झेप घेतली ती डन्सफोल्डहून, हे इथे फारसे कोणाला ठाऊक नसते.

२००० साली विमानांचे काम तिथून उठले. पुढे बीबीसीचा 'टॉप गिअर' हा कार्यक्रम ऑक्टोबर २००२ मध्ये नव्या रूपात सुरू झाला, तेव्हा त्याने हीच जागा घेतली. धावपट्टी आणि टॅक्सीवे जोडून सुमारे पावणेदोन मैलांचा, म्हणजे २.८ किलोमीटरचा ट्रॅक आखला. आखणी केली लोटस कंपनीच्या चाचणी-चालकांनी, आणि हेतूही चाचणीचाच होता. हॅमरहेड नावाच्या जागी आधी डावे आणि लगेच उजवे वळण, म्हणजे पुढची चाके वळायला नकार देतात की मागची बाजू घसरते ते लगेच कळावे. पुढे फॉलो-थ्रू, जिथे वेग न सोडता जायचे. शेवटच्या वळणाला गॅम्बन हे नाव पडले, कारण मायकल गॅम्बन या नटाने साधी सुझुकी लियाना तिथे दोन चाकांवर उचलली होती.

म्हणजे ही जागा आधी विमानांची कसोटी होती, मग गाड्यांची झाली. काम तेच राहिले.

कसोटी कशी चालते याचे एक उदाहरण देतो. २००६ मध्ये स्वीडनची कोनिगसेग सीसीएक्स ही महागडी गाडी या ट्रॅकवर आली आणि वळणावरून बाहेर गेली. मागे पंख बसवा, असा सल्ला कार्यक्रमाच्या चालकाने दिला. कंपनीने तो मानला. गाडी पुन्हा आली आणि १ मिनिट १७.६ सेकंदांत फेरी मारून तेव्हाच्या फलकावर पहिली आली. सपाट, कंटाळवाण्या वाटणाऱ्या डांबराने गाडीतली खोट दाखवली आणि ती दुरुस्तही करवून घेतली!

कचेरीत आम्ही सगळ्या अर्जदारांना एकच नमुना देतो. नमुना दिसायला रुक्ष असतो, पण तो एकच असतो म्हणून अर्जांची तुलना होते. इथेही तसेच. पावसात मारलेल्या फेरीची नोंदसुद्धा फलकावर वेगळी केली जायची. शेकडो गाड्यांच्या गेममध्ये असे एक माप हवेच. 'ग्रान टुरिस्मो २' (१९९९) मध्ये दोन सरळ पट्टे आणि दोन कलत्या वळणांचा साधा टेस्ट कोर्स दिला होता, तो याचसाठी.

डन्सफोल्डचा ट्रॅक 'ग्रान टुरिस्मो ५' (२०१०) मध्ये आला, मग 'फोर्झा मोटरस्पोर्ट ४' (२०११) मध्ये. पहिल्यात फोक्सवॅगनच्या जुन्या बसगाड्यांची शर्यत लावली, दुसऱ्यात गाड्यांनी फुटबॉल खेळायची सोय केली. मौज म्हणून ठीक, पण ट्रॅकचा खरा उपयोग बाजूला राहिला. एक गाडी, एक चालक, एक घड्याळ एवढेच तिथे शोभते.

आता तर प्रश्नाला आणखी एक बाजू आली आहे. या विमानतळावर १,८०० घरे बांधायला २०१८ मध्ये परवानगी मिळाली. डिसेंबर २०२२ मध्ये तिथे चित्रीकरणात मोठा अपघात झाला आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये बीबीसीने कार्यक्रम थांबवल्याचे जाहीर केले. नुर्बुर्गरिंगला जपणारे पुष्कळ आहेत. रंगवलेल्या रेषांना कोण जपणार? गेममधली प्रत हाच तिचा नीट मोजलेला नकाशा. पण गेमही अमर नाहीत. हा ट्रॅक असलेला 'फोर्झा ७' सप्टेंबर २०२१ मध्ये विक्रीतून काढला गेला. 'ग्रान टुरिस्मो ७' (२०२२) मध्ये तर हा ट्रॅक घेतलेलाच नाही.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. जागा द्यावी, पण शर्यतीचा ट्रॅक म्हणून नव्हे, तर कसोटी म्हणून. एका वेळी एकच गाडी सोडावी, वेळेचा फलक ठेवावा आणि पडद्याच्या कोपऱ्यात दोन ओळी लिहाव्यात, की इथे आधी विमाने उडायला शिकली. तेवढे वाचल्यावर पार्किंगची जागा म्हणणाऱ्या पोरांनाही हे डांबर कशासाठी होते ते कळेल.