सुरक्षित रक्ताधान

रक्ताधान म्हणजे दात्याचे रक्त किंवा त्यातील एखादा घटक रुग्णाच्या शिरेवाटे शरीरात देणे. बोलीभाषेत यास 'रक्त चढवणे' असे म्हणतात. रक्ताची तपासणी व जुळणी रक्तपेढीत होते. मात्र ते प्रत्यक्ष देताना शेवटची पडताळणी परिचारिकेच्या हाती असते. एका रुग्णाचे रक्त दुसऱ्याला दिले जाण्याच्या घटना बहुधा ओळख पटवण्यातील चुकीमुळे घडतात. नमुना घेताना नळीवर चुकीचे नाव पडले, तर पुढील सर्व चाचण्या बिनचूक होऊनही रक्त घातक ठरते. म्हणून नळीवरील चिठ्ठी रुग्णाच्या खाटेजवळच लिहिली जाते.

रक्तपेढीपासून कक्षापर्यंत

भारतात दान केलेल्या रक्ताची एचआयव्ही, कावीळ ब, कावीळ क, उपदंश व हिवताप यांसाठी तपासणी बंधनकारक आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ मधील निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून मोबदला घेऊन रक्त देण्याची पद्धत बंद झाली. पुण्यात स्वारगेट येथे जनकल्याण रक्तपेढी आहे. रुग्णालयाची स्वतःची रक्तपेढी नसल्यास पिशवी अनेकदा रुग्णाचे नातेवाईक शीतपेटीतून आणतात. तांबड्या पेशी २ ते ६ अंश सेल्सियसला साठवतात. बिंबाणू (प्लेटलेट) मात्र २० ते २४ अंशांवर, सतत हलवत ठेवतात. ते बर्फात ठेवणे ही नेहमी आढळणारी चूक होय. शीतपेटीबाहेर काढल्यावर ३० मिनिटांत रक्त सुरू करतात. पिशवी गरम पाण्यात ठेवल्यास पेशी फुटतात.

खाटेजवळील पडताळणी

दोन व्यक्ती स्वतंत्रपणे रुग्णाचे नाव, नोंदणी क्रमांक, पिशवीचा क्रमांक, रक्तगट व मुदत तपासतात. "आपण पाटीलच ना?" असे न विचारता रुग्णाला स्वतःचे पूर्ण नाव सांगू द्यावे, झोपेच्या गुंगीतला रुग्ण कशालाही होकार देतो. बेशुद्ध रुग्णाची ओळख मनगटपट्टीवरून पटवतात.

'ओ' गटाचे रक्त सर्वांना चालते, हा समज अपुरा आहे. १९५२ मध्ये मुंबईत डॉ. य. मो. भेंडे व सहकाऱ्यांनी 'बॉम्बे रक्तगटा'चा शोध जाहीर केला. या व्यक्तींच्या पेशींवर एच प्रतिजन नसतो. नेहमीच्या चाचणीत त्यांचा गट 'ओ' भासतो, पण 'ओ' गटाचे रक्तही त्यांच्या शरीरात नष्ट होते. जुळणी चाचणीत ही विसंगती उघड होते. म्हणून केवळ गट पाहून रक्त देत नाहीत.

निरीक्षण व प्रतिक्रिया

रक्त गाळणी असलेल्या संचातूनच देतात. त्याच नळीतून सामान्य सलाइनखेरीज अन्य द्रव किंवा औषध देत नाहीत. पहिली १५ मिनिटे वेग मंद ठेवून परिचारिका रुग्णाजवळ थांबते, कारण विजोड रक्ताची लक्षणे बहुधा याच काळात दिसू लागतात. जंतूंची वाढ टाळण्यासाठी पिशवी ४ तासांत संपवतात.

थंडी, ताप, कंबरदुखी, धाप, अंगावर पित्त किंवा लालसर लघवी दिसताच रक्त थांबवून, नवा संच लावून सलाइनने शीर चालू ठेवतात आणि डॉक्टरांना कळवतात. भूल दिलेला रुग्ण तक्रार करू शकत नाही. तेथे रक्तदाब घसरणे हीच खूण असू शकते. उरलेली पिशवी फेकून न देता संच व ताज्या नमुन्यासह रक्तपेढीकडे पाठवतात. अशा प्रतिक्रियांची देशपातळीवर नोंद घेणारा हिमोव्हिजिलन्स कार्यक्रम १० डिसेंबर २०१२ रोजी सुरू झाला.