टोपीपासून सी-टूपर्यंत

हैदराबादेत लग्नाचे फोटो काढून पोट भरणाऱ्या माझ्यासारख्याने छायाचित्रकार राजा दीनदयाळांवर बोलावं का, हा प्रश्नच आहे, पण बोलतो. मेरठजवळच्या सरधन्यात 1844 साली जन्मलेला, रुडकीच्या थॉमसन कॉलेजात शिकलेला, इंदूरच्या बांधकाम खात्यात नोकरी केलेला हा माणूस 1880 च्या दशकात सहाव्या निजामाच्या, महबूब अली खानांच्या दरबारी आला. सिकंदराबादेत स्टुडिओ थाटला. 1892 मध्ये पडदानशीन बायकांसाठी वेगळा जनाना स्टुडिओ काढला आणि तो एका इंग्रज बाईंच्या हाती सोपवला.

मला त्यांच्या फोटोंइतकंच त्या काळच्या हातांचं कौतुक वाटतं. ते कॅमेरा शिकले तो ओल्या प्लेटचा जमाना. काचेवर कलोडियन ओतायचं, ती सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची आणि ओल आहे तोवर फोटो घेऊन लगेच काळोख्या तंबूत धुवायची. दख्खनच्या उन्हात ईथर भराभर उडतं, म्हणजे सगळी धावपळ मिनिटांत उरकायची. शटर नाही. लेन्सची टोपी काढायची, मनात आकडे मोजायचे, टोपी परत बसवायची. सकाळी किती, भर दुपारी किती, ढग आला तर किती, हा हिशेब अंगात मुरावा लागे.

मग जिलेटिनच्या सुक्या प्लेटा आल्या. 1871 मध्ये रिचर्ड मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टरने वाट दाखवली आणि दहाएक वर्षांत तयार प्लेटांचे डबे बाजारात मिळू लागले. तंबूची कटकट संपली, पण प्लेट इतकी तेज की उजेडात टोपीने मोजायचे सेकंद निरुपयोगी ठरले. शटर आलं आणि मुरलेला हिशेब पुन्हा पहिल्यापासून बसवावा लागला.

माझं दुःख त्यापुढे फुटकळ. ऐन लग्नसराईत कॅमेऱ्याचं फर्मवेअर अपडेट केलं आणि आपली सेटिंग साठवायचे डायलवरचे कप्पे, सी-वन ते सी-थ्री, सगळे कोरे. सी-टूवर मंगल कार्यालयातल्या एलईडीसाठी बसवलेलं गणित होतं: 50 हर्ट्झच्या विजेवर पट्टे उमटू नयेत म्हणून शटर 1/100, आयएसओ 3200, आणि नवरीची हळद हिरवट दिसू नये असा व्हाइट बॅलन्स. दुरुस्तीवाला थंडपणे म्हणाला, “वो तो होताइच है, भाई.”

दीनदयाळांच्या प्रिंटवर अनेकदा निगेटिव्हवरच लिहिलेला क्रमांक आणि सही दिसते. त्यांच्या 2,857 काचेच्या निगेटिव्ह 1989 मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने घेतल्या. त्या काचांवर क्रमांक मिळेल. टोपी किती वेळ उघडी होती, ते मिळणार नाही. तो हिशेब माणसांबरोबर गेला.

धंद्यातल्या पोरांना एवढंच सांगणं: अपडेटआधी सेटिंग कार्डावर साठवा, पण त्यावर विसंबू नका. काही कॅमेरे जुन्या फर्मवेअरची फाईल नव्यात घेत नाहीत. सगळे आकडे वहीत उतरवा, आणि अपडेट मुहूर्त संपल्यावरच करा.