यातलं साल कोणतं?

युरोपातल्या खतव्यवहाराच्या जुन्या कागदपत्रांत एक उल्लेख हमखास भेटतो: ‘विनियम (ईसी) क्र. २००३/२००३’. नवख्याला वाटावं, टंकताना तोच आकडा दोनदा पडला. पण उल्लेख बिनचूक आहे. २००३ साली निघालेला, त्या वर्षीचा २००३ क्रमांकाचा हा युरोपीय समुदायाचा (ईसी) विनियम. आधी क्रमांक, मग साल. ग्राहक संरक्षणातल्या सहकार्याचा ‘क्र. २००६/२००४’ तर याहून फसवा, तो २००४चा. ‘निर्देश’ या दुसऱ्या प्रकारच्या कायद्यांची रीत मात्र नेमकी उलटी. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा जुना निर्देश ‘९५/४६/ईसी’ हा १९९५चा, म्हणजे साल आधी. सख्ख्या भावंडांतल्या एकानं आडनाव पुढे लावावं आणि दुसऱ्यानं मागे, तशातली गत.

सुरुवात साधी होती. १९५८ साली ‘विनियम क्र. १’ निघाला. तेव्हाच्या युरोपीय आर्थिक समुदायाचा (ईईसी) कारभार कोणत्या भाषांत चालणार हे त्यानं ठरवलं: जर्मन, फ्रेंच, इटालियन आणि डच. तो आजही लागू आहे, फक्त भाषा चोवीस झाल्यात. त्या काळच्या क्रमांकांना साल नव्हतं, कंसही नव्हता. १९६२चा स्पर्धाविषयक विनियम नुसता ‘क्र. १७’ होता, ‘१७/६२’ हे रूप वकिलांनी सोयीसाठी रूढ केलं. १९६३पासून क्रमांकाला साल चिकटलं, १९६८पासून कंसातलं (ईईसी) आलं. मास्ट्रिक्ट करार १ नोव्हेंबर १९९३ला अमलात आल्यावर त्याचं (ईसी) झालं आणि लिस्बन करारामुळे १ डिसेंबर २००९पासून (ईयू). नाण्यावरच्या छापावरून राजवट ओळखावी, तसा कंसावरून विनियमाचा काळ ओळखता येतो.

जुन्या विनियमांचं मात्र बारसं पुन्हा झालं नाही. सामाजिक सुरक्षेचा (ईईसी) १४०८/७१ शेवटपर्यंत त्याच नावानं वावरला. २०१० साली त्याची जागा घेणारा ८८३/२००४ लागू झाला तेव्हा ‘ईसी’ कालबाह्य झालं होतं, तरी त्याच्या कंसात तेच राहिलं.

अचूक उल्लेखाचा अट्टहास कशासाठी, हे ‘रोम-एक’ या नावानं ओळखल्या जाणाऱ्या (ईसी) ५९३/२००८वरून कळतं. करारावर कोणत्या देशाचा कायदा चालेल, हे तो ठरवतो. मूळ मजकुरानुसार तो ‘१७ डिसेंबर २००९नंतर’ झालेल्या करारांना लागू होणार होता. नोव्हेंबर २००९मध्ये राजपत्रात शुद्धिपत्र निघालं आणि त्याचं ‘१७ डिसेंबरपासून’ झालं. एका शब्दानं एक दिवस सरकला. नेमक्या त्या दिवशी सही झालेल्या करारासाठी मूळ छापील पान पाहणारा वकील फसला असता.

करार लिहिणाऱ्याची खरी कसोटी वेगळीच: क्रमांक नोंदवायचा, की क्रमांकापुढे ‘वेळोवेळी सुधारल्याप्रमाणे’ हेही जोडायचं? नाशिकच्या द्राक्ष निर्यातदाराला हा प्रश्न पुस्तकी वाटणार नाही. कीटकनाशकांच्या अंशांची, त्याच्या भाषेत ‘एमआरएल’ची, मर्यादा (ईसी) ३९६/२००५ ठरवतो. क्रमांक तोच राहतो, पण परिशिष्टांतले आकडे सतत बदलतात. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइडच्या, म्हणजे बागायतदारांच्या ‘सीसीसी’च्या अंशांवरून भारतीय द्राक्षं युरोपात अडकली. नुसत्या क्रमांकावर विसंबलेल्या करारात ‘सही झाली त्या दिवशीचे आकडे, की माल पोचला त्या दिवशीचे?’ हा वाद उभा राहू शकतो.

क्रमांक आणि सालाच्या क्रमाची रीत मात्र अखेर १ जानेवारी २०१५पासून एक झाली: सगळ्यांचं साल आधी, क्रमांक नंतर आणि क्रमांकांची मालिकाही सामाईक. म्हणून माहिती संरक्षणाचा आजचा विनियम (ईयू) २०१६/६७९. पुण्यातल्या आयटी कंपन्यांच्या करारांतही तो दिसतो. राजपत्रातला त्याचा पत्ता ‘एल ११९, ४.५.२०१६, पृ. १’ असा. १ ऑक्टोबर २०२३पासून प्रत्येक कायदा स्वतंत्र प्रसिद्ध होतो, त्यामुळे नव्या कायद्यांच्या पत्त्यातून असा अंक आणि पानाचा आकडा गेला. २०१६/६७९नं ९५/४६ रद्द केला आणि जुन्या निर्देशाचे उल्लेख आपलेच समजावेत, असं ९४व्या कलमात सांगून ठेवलं.

खतांचा २००३/२००३ही १६ जुलै २०२२ला गेला. त्याच्या जागी आलेला (ईयू) २०१९/१००९. इथे साल पहिलं.