मदिनेचा गालिचा आणि वडनेरची आत्या

बऱ्याच दिवसांनी वीकांत मोकळा मिळाला. विषय भरतकामाचा आहे, हसू नका.

मागच्या दिवाळीत वडनेरला गेलो होतो. (हिंगणघाटहून हैदराबादच्या रस्त्याला लागलं की येतं, ते.) आमच्या आत्याला म्हटलं, आपल्या जुन्या घराचं चित्र कापडावर भरून देशील का? बाबांच्या पंचाहत्तरीला द्यायचंय. "देतो ना बाबू, पण चार महिने लागतीन," ती म्हणाली. दोन महिन्यांनी मी फोन करून सांगितलं, तुळशीवृंदावन जरा उजवीकडे सरकव. आमच्याकडे याला चेंज रिक्वेस्ट म्हणतात. आत्या म्हणाली, "सरकवाले ते का खुर्ची हाय? उसवलं का कापडाले भोकं पडतेत."

त्यावरून बडोद्याचा मोत्यांचा गालिचा आठवला.

खंडेराव गायकवाडांनी (कारकीर्द १८५६ ते १८७०) १८६५च्या सुमारास तो करवून घेतला. रेशीम आणि हरणाच्या पातळ कातड्यावर अंदाजे पंधरा लाख बारीक मोती, मध्ये हिऱ्यांची तीन मोठी फुलं, शिवाय माणिक, पाचू, नीलम. आकार म्हणाल तर साधारण पावणेनऊ फूट बाय पावणेसहा फूट, म्हणजे एखाद्या दिवाणाहून मोठाच! आणि हा मराठा राजा ते काम करवून घेत होता ते मदिनेला, पैगंबरांच्या कबरीवर अर्पण करायला, असं सांगतात. आजच्या वातावरणात हे वाक्य दोनदा वाचावंसं वाटतं. असो.

अशा कामाची रीत सोपी नाही. आधी कागदावर नक्षी, मग सुईने तिच्या रेषांवर टोचे. हा झाला खाका. तो कापडावर ठेवून वरून पूड चोळली की भोकांतून ठिपके खाली उतरतात. त्यानंतर कापड लाकडी चौकटीवर ताणायचं आणि कारागीर चारही बाजूंनी बसतात. एकदा ठिपके उतरले, की गिऱ्हाईक राजा असला तरी त्याने गप्प बसायचं. आमच्या क्षेत्रात ही शिस्त कधी येणार, देव जाणे.

पण गिऱ्हाईकच गेलं. १८७० मध्ये खंडेराव वारले आणि गालिचा बडोद्यातच राहिला. १९०२-०३ च्या दिल्ली दरबाराच्या प्रदर्शनात तो लोकांनी पाहिला. पुढे महाराणी सीतादेवींबरोबर तो मोनॅकोला गेला. १९ मार्च २००९ रोजी सदबीजने दोह्यात त्याचा लिलाव केला, किंमत आली सुमारे ५५ लाख डॉलर. आता तो कतारच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

मला गंमत वाटते ती वेगळीच. ते मोती आखातातलेच, आपण ज्यांना बसऱ्याचे मोती म्हणतो ते. कतारची माणसं पिढ्यानपिढ्या बुड्या मारून मोती काढत होती. १९३०च्या सुमारास जपानी संवर्धित मोत्यांनी आणि मंदीने तो धंदा बसवला. म्हणजे मोती समुद्रातून निघाले, बडोद्यात टाक्यांनी बांधले गेले, आणि मदिनेला न पोचता पुन्हा त्याच समुद्राकाठी आले. लिलावात नाव गाजलं महाराजांचं. पंधरा लाख वेळा सुई ओवणाऱ्यांपैकी एकाचंही नाव माझ्या वाचनात आलेलं नाही.

म्हणून आत्याला म्हटलं, कोपऱ्यात तुझं नाव भर. आधी लाजली, मग म्हणाली, "मायं नाव कायले? घर तं तुयं हाय." पैशांचं काढलं तर चक्क फोन ठेवला. शेजारच्या पोराने तिला सांगितलंय म्हणे, हेच चित्र मशीनवर एका दिवसात निघतं.

मार्चमध्ये कुरियर आलं. वृंदावन डावीकडेच. ओसरीच्या पायऱ्या साखळी टाक्याने भरलेल्या, त्यातली शेवटची जरा वाकडी, कारण तोवर तिचा मोतीबिंदू पिकला होता. आणि कापड उलटं करून पाहिलं, तर मागच्या बाजूला, कुणाला दिसणार नाही असं, बारीक धावदोऱ्यात तिचं नाव. माहेरचं.

बाबांनी चौकट करायला दिलंय. काच दोन्ही बाजूंनी लावायला सांगितली आहे.