सगळ्याला चिकटणारं आणि कशालाच न चिकटणारं

प्रीमियर पद्मिनीच्या जमान्यात बंपर लोखंडी असायचा, वर क्रोमचा मुलामा. धडक बसली की पोचा यायचा आणि डेन्टिंगवाला तो ठोकून सरळ करायचा. आता बंपर तडकतो, आणि गॅरेजवाला म्हणतो, "साहेब, हे काय चिकटत नाय, नवीनच टाका." नव्याचं बिल ऐकून आपण घरी येतो, फेविक्विक लावतो, आणि पहिल्याच स्पीडब्रेकरला ते उकलतं.

मंडळी, यामागे १९५० च्या दशकातली एक गंमत आहे.

फेविक्विक ज्या जातीचं, ते सायनोअॅक्रिलेट १९४२ मध्ये अमेरिकेत ईस्टमन कोडॅकच्या हॅरी कूव्हरच्या हाती लागलं. त्याला हवं होतं बंदुकीच्या दुर्बिणीसाठी पारदर्शक प्लास्टिक. हे द्रव्य मेलं सगळ्यालाच चिकटे, म्हणून बाजूला पडलं. १९५१ मध्ये जेट विमानांच्या काचांसाठी उष्णता सोसणारं प्लास्टिक शोधताना त्याचा सहकारी फ्रेड जॉयनर याने तेच द्रव्य एका महागड्या उपकरणाच्या दोन लोलकांमध्ये तपासायला ठेवलं. लोलक सुटेचनात! तेव्हा कुठे कूव्हरची ट्यूब पेटली. १९५८ मध्ये 'ईस्टमन ९१०' नावाने ते बाजारात आलं.

आणि याच दशकात, १९५४ मध्ये, इटलीत मिलानला जुलिओ नात्ताने पॉलिप्रॉपिलीन बनवलं. स्वस्त, हलकं, पाण्यातेलाला दाद न देणारं. १९६३ चं नोबेल त्याला कार्ल झीग्लरबरोबर मिळालं. पुढे यातच रबर मिसळून बंपर होऊ लागले. पण याचा पृष्ठभाग मेणासारखा. पाण्याचा थेंब त्यावर गोळा होऊन बसतो, गोंदही तसाच. त्यातून फेविक्विक वाळल्यावर ठिसूळ, आणि बंपर लवचिक. म्हणजे चिकटलं तरी टिकणार कसं?

गॅरेजवाल्याचं "चिकटत नाय" म्हणूनच अर्धं खरं. बंपरच्या आतल्या बाजूला प्लास्टिकच्या जातीचा शिक्का असतो. 'पीपी' असेल तर त्याच जातीची कांडी गरम हवेने वितळवून सांधा भरतात (हे करणारे कारागीर शोधले तर सापडतात), किंवा खास पीपीसाठीचा प्रायमर लावून मगच चिकटवतात. 'एबीएस' असेल, जे ग्रिलला वगैरे बरेचदा असतं, तर काम फारच सोपं. अॅसिटोनमध्ये एबीएस विरघळतं, त्यामुळे त्याच प्लास्टिकचा चुरा त्यात भिजवून लापशी केली की झाला गोंद. तडा नुसता भरत नाही, प्लास्टिक प्लास्टिकमध्ये मिसळून जातं. पीपीवर अॅसिटोन ढिम्म काही करत नाही.

असो. शिक्का बहुधा चिखलाखाली दडलेला असतो, आधी ओलं फडकं मारा.