अंदमान ट्रंक रोड
अंदमान बेटांतील प्रमुख महामार्ग (राष्ट्रीय महामार्ग 4, पूर्वीचा 223). तो पोर्ट ब्लेअरपासून (2024 पासून श्री विजयपुरम) उत्तरेस दिगलीपूरपर्यंत जातो आणि दक्षिण अंदमान, बारातांग, मध्य व उत्तर अंदमान ही बेटे जोडतो. मिडल स्ट्रेट या खाडीवर वाहने फेरीबोटीतून पलीकडे नेतात. हंफ्री सामुद्रधुनीवर आता आझाद हिंद फौज सेतू आहे, तर मध्य व उत्तर अंदमान चेंगप्पा पुलाने सांधले आहेत. मार्गाचा काही भाग जारवा आदिवासींच्या राखीव क्षेत्रातून जातो. बाह्य संपर्कामुळे रोगराई व शोषणाचा धोका असल्याने सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्ये हा भाग बंद करण्याचा आदेश दिला. तरीही वाहतूक सुरूच राहिली. जिरकातांग नाक्यापासून वाहने ठरावीक वेळी पोलीस बंदोबस्तात ताफ्याने सोडतात. वाटेत थांबण्यास व जारवांची छायाचित्रे घेण्यास मनाई आहे.